पस्तीस वर्षांचं ‘नाहीत’

रस्त्याच्या कामाचे सरकारी साहेब अकराला येणार होते. साडेनऊपर्यंत घरात तीनदा चहा आणि चारदा भांडण झालं होतं.

सिस्टर खुर्ची खिडकीशी ओढून बसली होती. इस्पितळात तेहतीस वर्षं नोकरी केल्यामुळे सगळे तिला सिस्टर म्हणत. गंमत म्हणून सुरू झालेली ही हाक तिच्या दोन्ही सख्ख्या भावांनीही कायमची उचलली होती. थोरला अण्णा तिच्या उजव्या हाताला, धाकटा भाऊ डाव्या हाताला. मध्ये टेबल आणि टेबलावर संमतीपत्र. वडिलांनी तिघांच्या नावावर ठेवलेली जमीन म्हणजे तळ्याचा बांध, बांधातलं लोखंडी दार आणि दारामागे पसरलेली पाणथळ. तिथून आता रस्ता जायचा होता. तिघांपैकी दोघांनी सही केली की आजच बारा वाजता दार उघडून पाणी काढायला सुरुवात होणार होती.

“एक माझी आहेच,” भाऊ म्हणाला. “अण्णाची मिळणार नाही. राहिलीस तू.”

“मी राहिले ते मला कळतंय रे. सकाळपासून तिसऱ्यांदा सांगतोयस.”

“कारण तू दोनदा ‘बघू’ म्हणालीस.”

“तिला विचार तरी करू दे,” अण्णा म्हणाला. “तुला एवढी घाई कशाची?”

“घाई?” भाऊनं कप खाली ठेवला. “अण्णा, तीन वर्षांपूर्वी कुणीतरी घाई केली असती ना, तर...”

पुढचं तो कधीच बोलत नसे आणि त्याला कुणी बोलायला लावत नसे. त्याची बायको छातीत कळ येऊन त्याच्या गॅरेजच्या दारातच बसली होती. रुग्णवाहिका पाणथळीला वळसा घालून बावीस किलोमीटरवरून आली, तोवर सगळं संपलं होतं. सरळ रस्ता असता तर सात किलोमीटर. गाडीखाली झोपून नट आवळताना, जेवताना, आरशासमोर दाढी करताना भाऊ एकच वजाबाकी करत राही. बावीसातून सात गेले, पंधरा.

सिस्टर खिडकीबाहेर बघू लागली. त्या दिवसाची एक गोष्ट तिला ठाऊक होती आणि भाऊला नव्हती. वळशाचा वेळ होता वीस मिनिटं. त्याआधी चाळीस मिनिटं रुग्णवाहिका इस्पितळाच्या आवारातच उभी होती, कारण ड्रायव्हर जेवायला गेला होता. त्याला सोडलं होतं सिस्टरनंच. “जा रे, दुपारी कोण येतंय,” असं म्हणून.

सुरुवातीला भाऊची अवस्था बघून ती गप्प राहिली. मग भाऊ पाण्याला दोष देऊ लागला, आणि पाण्याला काही वाईट वाटत नाही, असं तिनं स्वतःला समजावलं. आता त्या पाण्याचा निकाल तिच्या सहीवर येऊन ठेपला होता.

“बघू,” ती म्हणाली.

“तिसऱ्यांदा!” भाऊ म्हणाला.

*

अण्णांची सून त्या वेळी बांधावर, दाराच्या चाकाला ग्रीस लावत होती. बत्तीस वर्षं पाटकऱ्याचं काम करून अण्णा निवृत्त झाले. मग परीक्षा देऊन तीच जागा तिनं मिळवली. नवरा बोटीवर, वर्षातून दोनदा घरी येणारा. तळ्यात पाणी किती ठेवायचं आणि खालच्या शेतांना किती सोडायचं, हे आता चार वर्षं तिच्या हातात होतं.

चाकाला खरं तर ग्रीसची गरज नव्हती. पण इथे उभं राहायला काहीतरी निमित्त लागतं, ही अण्णांची शिकवण होती. दोनशे पावलांवर, पाणकणसांच्या मधोमध, लव्हाळ्यांचा एक मोठा ढीग पाण्यावर टेकला होता आणि त्यावर सारसाची मादी बसली होती. राखाडी अंग, लांब मान आणि डोक्यापासून अर्ध्या मानेपर्यंत लाल रंग. खाली दोन अंडी. नर जवळच उथळ पाण्यात चरत होता. थोड्या वेळानं तो बसेल आणि ती चरायला जाईल. सारसाच्या जोडीत अंडी उबवायचं काम दोघं वाटून घेतात.

“किती दिवस राहिले?” तिनं विचारलं.

“बारा,” टिटवी म्हणाली. टिटवी तिची दहा वर्षांची मुलगी. झोपेतही बोलते म्हणून हे नाव. “बारा दिवसांनी पिल्लं, मग उडायला तीन महिने. पण आई, आज बारा वाजता दार उघडलं तर?”

“तर काय होईल, तूच सांग.”

“पाणी उतरेल. मग कुत्री चालत जातील. आत्ता पाणी आहे म्हणून जाता येत नाही त्यांना.” टिटवी थांबली. “कोल्हेपण.”

“उघडायचं की नाही ते घरात ठरतंय.”

“सिस्टरआजी ठरवणार?”

“सिस्टरआजी ‘बघू’ म्हणतेय.”

टिटवीनं तोंड वाकडं केलं. “ती मला इंजेक्शन देतानापण ‘बघू’ म्हणायची आणि मग द्यायचीच.”

सुनेला हसू आलं, तेवढ्यात बांधावर जीपचा आवाज आला. साहेब वेळेआधी पोचले होते. दोघी मायलेकी त्यांच्यामागून घरी आल्या.

तरुण होते, नम्र होते. पायातले बूट पुसून घरात आले, चहाला नको म्हणाले आणि मग घेतला. कागद काढून ते कलमामागून कलम वाचत गेले. नवव्या कलमापाशी ते सहज म्हणाले, “पक्ष्यांची विणीची घरटी. हे मी आधीच भरून आणलंय. नाहीत.”

“कशावरून?” सुनेनं विचारलं.

“तुमच्याच अहवालांवरून, बाई. दरवर्षी पाटकऱ्यानं भरून दिलेला अहवाल. गेल्या पस्तीस वर्षांचे पस्तीस कागद आहेत आमच्याकडे. एकतीस यांचे, चार तुमचे. सगळ्यांवर एकच शब्द. नाहीत.” त्यांनी मान वर केली. “घरटं असतं तर पिल्लं उडेपर्यंत कायद्यानं आम्हाला दगडही हलवता आला नसता. नाही ते बरंच आहे.”

सुनेनं अण्णांकडे पाहिलं. अण्णा टेबलाच्या कडेकडे बघत होते.

ही गोष्ट घरातल्या प्रत्येकाला पाठ होती. नोकरीच्या पहिल्या वर्षी अण्णांनी अहवालात खरं लिहिलं होतं, घरटं एक, अंडी दोन, जागा अमुक. कागद वर गेला, कुणीतरी वाचला, कुणीतरी कुणालातरी सांगितलं. आठव्या दिवशी ढिगावर अंडी नव्हती. काठावर चपलांचे ठसे होते. सारसाची जोडी तीन दिवस त्या ढिगाभोवती उभी राहून ओरडत होती. त्या वर्षापासून घरात नियम झाला. बाहेरच्या कुणीही विचारलं तर नाहीत. पाहुण्याला नाहीत, मास्तरांना नाहीत, सरकारला नाहीत. लग्न होऊन आल्यावर सुनेला या घरानं स्वयंपाकघराच्या आधी हा नियम शिकवला होता. तिनं तो पाळला, आणि चार वर्षं चार कागदांवर सही केली.

साहेबांना संशय असा नव्हता. केवळ बोलायचं म्हणून त्यांनी टिटवीकडे वळून विचारलं, “काय गं, तू तर दिवसभर तळ्यावरच असशील. सारस पाहिलास का कधी घरट्यावर बसलेला?”

टिटवीनं एकदा आजोबांकडे पाहिलं. मग हात मागे बांधून, वर्गात कविता म्हणावी तशी म्हणाली, “नाही. सारस इथे खायला येतात आणि जातात. घरटं करत नाहीत.”

एक शब्द इकडचा तिकडे झाला नाही. क्षणभर सुनेला लेकीचा अभिमान वाटला, आणि लगेच स्वतःची लाज वाटली.

*

भाऊला काही बोलावंच लागलं नाही. घरटं आहे हे त्याला ठाऊक होतं, लहानपणापासून तोही ‘नाहीत’ म्हणतच वाढला होता. आज त्याचं काम दहा वर्षांच्या पोरीनं करून टाकलं होतं. त्यानं खिशातलं पेन काढलं. पेनाचं टोपण काढलं. तरी पोरीकडे बघवेना. ती शाबासकीची वाट बघत आजोबांसमोर उभी होती.

“टिटवे,” अण्णा म्हणाला, “इकडे ये. तू आत्ता खोटं बोललीस.”

पोरीचा चेहरा उतरला. “पण आजोबा, तुम्हीच शिकवलंत ना!”

“हो. मीच शिकवलं. तू मी सांगितलं तसंच केलंस, त्यामुळे चूक माझी. तुझी मुळीच नाही.” अण्णा सावकाश उठला. “साहेब, घरटं आहे. बांधावरून दिसतं. दोन अंडी आहेत, अठरावा की एकोणिसावा दिवस आहे. गेल्या वर्षी होतं, त्याच्या आदल्या वर्षी होतं. मी एकतीस वर्षं खोटा अहवाल दिला.”

साहेबांनी कप खाली ठेवला. “आजोबा, आज आठवलं तुम्हाला?”

“आठवत रोजच होतं.”

“हे बघा, याचा अर्थ कळतोय का तुम्हाला? खोटा अहवाल म्हणजे तुमचं निवृत्तिवेतन. यांची,” त्यांनी सुनेकडे बोट केलं, “यांची नोकरी.”

“कळतोय,” सून म्हणाली. “माझे चार कागद मी स्वतः लिहून दुरुस्त करते. तुम्ही बांधावर चला, बघा आणि नववं कलम बदला.”

“मी बघायला आलेलो नाही. सह्या घ्यायला आलोय.”

“दोनशे पावलं आहेत!”

“बाई, मी बघितलं तर मला लिहावं लागेल.” एवढं म्हणून साहेबांना आपण जास्त बोललो हे लक्षात आलं असावं. त्यांनी कागद भाऊकडे सरकवला. “तिघांपैकी दोघं. करा सही.”

भाऊनं पेन टेकवलं.

“भाऊ, थांब,” सिस्टर म्हणाली.

“आता नको, सिस्टर. आता बघू-बिघू काही नको. पक्ष्याची अंडी आहेत, मला माहीत आहे. मीपण याच घरातला आहे. पण माझं माणूस गेलं त्या पंधरा किलोमीटरांपायी, त्याचा अहवाल कुणी लिहिला?”

“मी लिहिला,” सिस्टर म्हणाली. “त्या दिवशी ड्यूटीवर मी होते. आणि मीही खोटा लिहिला.”

तिनं सगळं सांगितलं. फार सांगण्यासारखं नव्हतंच. आवारात उभी गाडी, जेवायला गेलेला ड्रायव्हर, चाळीस मिनिटं आणि “जा रे, दुपारी कोण येतंय.” आवाज न चढवता, न रडता सांगितलं. रुग्णाच्या नातेवाइकांशी बोलायचा तिचा हाच आवाज होता. भाऊनं तो आजवर दुसऱ्यांसाठी वापरलेला ऐकला होता.

भाऊनं टेकवलेलं पेन उचललं. वजाबाकी चुकीची होती. तीन वर्षं रोज केलेली वजाबाकी.

“तीन वर्षं,” तो म्हणाला. “तीन वर्षं मला त्या पाण्यावर चिडू दिलंस तू?”

“हो.”

“आत्ताच का सांगतेस? अण्णाच्या बाजूनं मत द्यायला?”

“तू चुकीच्या कारणासाठी सही करत होतास म्हणून. आता खरं कारण असेल तर कर. मी अडवणार नाही. माझी मात्र सही मिळणार नाही. आधी द्यायचं मनात होतं, खोटं नाही सांगत. सही दिली की तुझं देणं फिटेल असं वाटलं होतं मला. देणं माझं, आणि भरणार दुसरंच कुणी.”

साहेबांनी घड्याळ पाहिलं. “तुमचं घरगुती नंतर चालू ठेवा ना.”

“तुम्ही गप्प बसा हो!” भाऊ त्यांच्यावर ओरडला. इतक्या मोठ्यानं, की टिटवी आईच्या मागे गेली. मग त्यानं पेनाचं टोपण लावलं. “साहेब, मला रस्ता हवाय. आजही हवाय. आणखी कुणाची तरी बायको गॅरेजच्या दारात बसेल उद्या. जुना बांध आहे ना पलीकडचा? त्याच्यावरून न्या रस्ता. नऊ किलोमीटर होतील. सातच्या जागी नऊ. मी आख्खं गाव घेऊन तुमच्या कचेरीत येतो त्या रस्त्यासाठी.”

“आराखडा मंजूर झालाय. तो आता बदलत नसतो.”

“मग माझी सही पण नसते.”

तो उठला. सिस्टरच्या खुर्चीजवळून जाताना थांबला, पण तिच्याकडे न बघताच बाहेर पडला. अंगणात टेम्पो सुरू झाल्याचा आवाज आला.

साहेबांनी कागद गोळा केले. “ठीक आहे. संमती नसली तरी तातडीचा आदेश काढता येतो. उद्या सकाळी दहाला माणसं घेऊन येतो. घरटं नसल्याचे पस्तीस पुरावे माझ्याकडे आहेत. असल्याचा तुमच्याकडे एकही नाही.”

“आणा आदेश,” सून म्हणाली. “त्यात लिहून आणा की पाटकऱ्यानं घरटं असल्याचं सांगितलं, तरी दार उघडा. खाली तुमची सही. मग बोलू. तोवर ते चाक फिरायचं नाही.”

साहेबांची जीप बांधावरून गेली. दाराजवळून जाताना त्यांनी मान मुद्दाम दुसऱ्या बाजूला ठेवली होती.

*

अण्णा ओसरीवर उभा राहून जीपची धूळ खाली बसेपर्यंत बघत राहिला. मागे सून, सिस्टर आणि टिटवी.

“पुरावा हवा त्याला,” सिस्टर म्हणाली. “फोटो काढू या. पाठवू कुणालातरी.”

“कुणाला?” सून म्हणाली. “फोटो कुठलाही असू शकतो म्हणतील. आपल्या चौघांच्या शब्दाला आता काय किंमत आहे?”

अण्णाला ते बरोबर वाटलं. त्याच्या शब्दाला किंमत नव्हती, आणि ती त्यानं स्वतःच वर्षाला एक कागद या हिशेबानं घालवली होती. घरटं लपवून त्यानं अंडी वाचवली. दर वर्षी पिल्लं मोठी झाली, उडून गेली. पण जे कुणाला ठाऊकच नाही, ते पुसून टाकलं तर कुणाला कळणार? हे त्याला इतक्या वर्षांत सुचलं नव्हतं. चोर एकटा येतो, म्हणून त्यानं सगळ्यांपासून लपवलं. उद्या सकाळी येणारा एकटा येणार नव्हता. त्याच्याशी लढायला चार माणसं पुरणार नव्हती.

“टिटवे,” तो म्हणाला, “तुझ्या वर्गात किती मुलं?”

“एकेचाळीस. का?”

“तुमच्या बाई घरी आहेत ना आज? जा आणि त्यांना सांग. काय सांगशील?”

टिटवी गोंधळली. “खरं?”

“खरं. सगळं. कुठे, किती, कितवा दिवस.”

“मोठ्यानं?”

“तुझ्या नेहमीच्या आवाजात सांग. तेवढं पुरे.”

टिटवी धूम पळाली. सुनेचा फोन वाजला. भाऊ होता. अण्णाला पलीकडचा आवाज ऐकू येत होता, भाऊ फोनवर नेहमीच ओरडून बोले. “सिस्टरशी मी बोलणार नाही. तिला सांग. पण उद्या किती माणसं लागतील तुम्हाला?”

“येतील तेवढी आणा, काका. फक्त बांधावर हॉर्न वाजवू नका म्हणावं.”

“गॅरेजवाल्यांना हॉर्न वाजवू नका म्हणतेस!” आणि फोन बंद.

सिस्टरनं पदरानं चष्मा पुसला आणि इस्पितळातल्या जुन्या ओळखीच्या लोकांचे नंबर शोधायला लागली. अण्णानं तिच्या खांद्यावर हात ठेवला, क्षणभरच, आणि काठी घेऊन निघाला.

“कुठे?” सुनेनं विचारलं.

“रस्त्यावर. तू दारापाशी थांब. कुणी आलं तर बांधावरूनच बघायचं. पाण्यात पाय घालायचा नाही, खाली उतरायचं नाही, दगड मारायचा नाही. जो ऐकणार नाही त्याला हाकल.”

मोठा रस्ता बांधापासून फर्लांगभर. अण्णा तिथे कडेला उभा राहिला. ऊन चढलं होतं. एक सायकलवाला गेला, अण्णानं तोंड उघडलं, पण आवाजच निघाला नाही. इतक्या वर्षांची सवय जिभेवर बसली होती. मग दोन बायका डोक्यावर गवताचे भारे घेऊन गेल्या. “पाणी हवंय का अण्णा?” त्यांनी विचारलं. अण्णानं नको म्हणून मान हलवली आणि त्या गेल्या. त्याला स्वतःचा राग आला. दहा वर्षांची पोर धावत गेली आणि हा इथे मुका उभा.

समोरून बस येत होती. दुपारची, अर्धी भरलेली. अण्णा थेट रस्त्याच्या मध्ये गेला आणि काठी आडवी धरली. ब्रेक करकरले. ड्रायव्हरनं डोकं बाहेर काढलं.

“काय हो, मरायचंय का?”

“नाही,” अण्णा म्हणाला. “पाच मिनिटं थांबवा गाडी.”

“कशाला? काय आहे इथे?”

खिडक्यांतून माणसं बघू लागली होती. एक बाई मूल सावरत उठली. मागून कुणीतरी “चला हो, उशीर होतोय” म्हणालं. अण्णानं छातीत हवा भरून घेतली.

“सारसाचं घरटं आहे!” तो ओरडला. त्याचाच आवाज त्याला ओळखू आला नाही. “दोन अंडी आहेत. उद्या सकाळी दहाला पाणी काढून ते मोडणार आहेत. मी तिथला पाटकरी होतो, एकतीस वर्षं सगळ्यांना नाही म्हणून सांगत आलो. आता आहे म्हणून सांगतोय. माझ्यावर विश्वास ठेवू नका. खाली उतरा आणि स्वतः बघा!”

कुणी हललं नाही. ड्रायव्हरनं कंडक्टरकडे पाहिलं. मग मूल घेतलेली बाई दारापाशी आली, चप्पल नीट केली आणि पायरी उतरली.

“कुठल्या बाजूला?” तिनं विचारलं.